देशावर आर्थिक संकट आलं की नेत्याला जाब कसा विचारायचा: सांगली-साताऱ्यातल्या नागरिकांसाठी

रुपया घसरतो, सोन्यावरचं आयात शुल्क वाढतं, एखाद्या बँकेच्या दारात ठेवीदारांची रांग लागते. अशा वेळी विट्याच्या गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकापासून सांगलीच्या हळद बाजारातल्या अडत्यापर्यंत सगळे एकच विचारतात, याला जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे, पण इतका मोघम की उत्तरही मोघमच येतं. नेता "जागतिक परिस्थिती" म्हणतो आणि सुटतो. खाली दिलेली पद्धत हा मोघमपणा काढून टाकण्यासाठी आहे. व्यापारी संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ, कॉलेजातला अभ्यासगट, कुणालाही ती वापरता येईल. चार-पाच चिकट माणसं, एक जाड वही, इंटरनेट आणि दोन-तीन महिन्यांचा धीर एवढं पुरतं. यातल्या एकाला तरी ताळेबंद वाचता आला पाहिजे. गावातला निवृत्त बँक अधिकारी किंवा सोसायटीचा जुना सचिव गाठा.

तक्ता आधी, भाषण नंतर

वहीचं पान आडवं धरून चार रकाने आखा. पहिला: निर्णयाचा अधिकार कायद्यानं कोणाकडे होता. दुसरा: धोका त्याला कधी कळला. तिसरा: कळल्यावर त्यानं काय केलं आणि कोणत्या तारखेला. चौथा: हे कोणत्या कागदावर लिहिलेलं आहे. एका ओळीत एकच निर्णय घ्यायचा. "अर्थव्यवस्था बुडवली" ही ओळ होत नाही. "अमुक तारखेला अमुक अधिसूचना काढली" ही ओळ होते. चौथा रकाना रिकामा असलेली ओळ पेन्सिलनं लिहा आणि ती सभेत कधीही वाचू नका.

१९९१ च्या परकीय चलनाच्या संकटावर हात बसवून बघा, कारण त्या संकटाचे कागद आता उघडे आहेत आणि त्यावर गावोगाव चुकीचं बोललं जातं. "देशाचं सोनं गहाण कोणी टाकलं?" असं विचारलं की लोक एकच नाव घेतात, ज्याच्या त्याच्या पक्षाप्रमाणे. प्रत्यक्षात व्यवहार दोन होते. मे १९९१ मध्ये सुमारे २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत परत घेण्याच्या अटीवर एका स्विस बँकेला विकलं गेलं. तेव्हा चंद्रशेखर काळजीवाहू पंतप्रधान आणि यशवंत सिन्हा अर्थमंत्री होते. जुलैत रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवून ४० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज उचललं. तेव्हा पी. व्ही. नरसिंह राव यांचं सरकार आलेलं होतं आणि अर्थमंत्री मनमोहन सिंग होते. म्हणजे दोन ओळी, दोन सरकारं.

आता दुसऱ्या रकान्याकडे या. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेतवर आक्रमण केलं आणि तेल महागलं, हे खरं. पण केंद्राची वित्तीय तूट त्याच्या आधीच्या काही वर्षांपासून फुगलेली होती आणि अल्प मुदतीची परदेशी कर्जं वाढत होती. धोका कळण्याची तारीख १९९० च्या मागे जाते, त्यामुळे आधीच्या सरकारांनाही तक्त्यात जागा द्यावी लागते. आणखी एक ओळ सहसा राहून जाते. मार्च १९९१ मध्ये सरकारला पूर्ण अर्थसंकल्प मांडता आला नाही, केवळ अंतरिम मांडला गेला, आणि ६ मार्चला चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. सरकार बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसवर टिकून होतं. ज्याच्या हातात पाठिंबा काढण्याची ताकद असते, त्याच्याकडेही एक प्रकारचा अधिकार असतो. त्याचं नाव पहिल्या रकान्यात लिहायला कचरू नका.

पुढच्याच वर्षी जबाबदारीचा असाच प्रश्न आपल्या सातारा जिल्ह्यात आला. एप्रिल १९९२ मध्ये रोखे घोटाळा (हर्षद मेहता प्रकरण) उघड झाला. पाठीशी रोखेच नसलेल्या बँक पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराडचं नाव निघालं. बँक अवसायनात गेली आणि पुढे तिचा व्यवसाय बँक ऑफ इंडियाकडे गेला. त्या वेळी जबाबदारी तीन वेगळ्या पातळ्यांवर तपासली गेली, आणि तुमच्या तक्त्यातही त्या वेगळ्या ठेवा. रिझर्व्ह बँकेची जानकीरामन समिती कारभारातल्या चुका शोधत होती. रामनिवास मिर्धा यांची संयुक्त संसदीय समिती राजकीय आणि प्रशासकीय जबाबदारी पाहत होती. गुन्ह्यांसाठी विशेष न्यायालय होतं. पी. चिदंबरम यांनी एका कंपनीतल्या गुंतवणुकीवरून जुलै १९९२ मध्ये वाणिज्य खात्याचा राजीनामा दिला. संसदीय समितीच्या अहवालानंतर मनमोहन सिंग यांनीही राजीनामा देऊ केला, पंतप्रधानांनी तो स्वीकारला नाही. राजीनामा दिला म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही, आणि न दिला म्हणजे दोष नव्हता असंही नाही. सभेत लोक याच दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात.

अधिकार नेमका कुठे असतो

पहिला रकाना चुकला की पुढचं सगळं वाया जातं. कर, खर्च आणि केंद्राचं कर्ज हे केंद्रीय मंत्रिमंडळाचं काम. संविधानाच्या अनुच्छेद ७५(३) प्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं, त्यामुळे "ते अर्थमंत्र्यांचं खातं" असं दुसऱ्या मंत्र्याला म्हणता येत नाही. राज्य सरकार कर्ज काढतं तेव्हा त्याच्यावर केंद्राचं जुनं कर्ज बाकी असेल तर अनुच्छेद २९३(३) प्रमाणे केंद्राची संमती लागते. म्हणून राज्याच्या कर्जावर बोलताना संमती देणाराही ओळीत घ्या.

जीएसटीच्या बाबतीत दोन्हीकडचे नेते हात झटकतात. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. केंद्राला एकट्याला निर्णय करता येत नाही, तसा केंद्राशिवाय राज्यांनाही करता येत नाही. तेव्हा "दिल्लीनं लादलं" असं राज्याचा मंत्री म्हणाला तर त्या बैठकीत महाराष्ट्रानं काय भूमिका घेतली हे विचारा.

व्याजदर ठरवते सहा जणांची पतधोरण समिती. त्यात तीन रिझर्व्ह बँकेचे आणि तीन सरकारनं नेमलेले सदस्य असतात. महागाईचं लक्ष्य मात्र सरकार रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून ठरवतं: ४ टक्के, वरखाली २ टक्क्यांची मुभा. सलग तीन तिमाही ही मर्यादा मोडली तर रिझर्व्ह बँकेनं सरकारला कारणं आणि उपाय लिहून द्यायचे, असं रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ४५-झेडएन सांगतं. २०२२ मध्ये ही वेळ आली. नोव्हेंबरात समितीची खास बैठक झाली आणि अहवाल सरकारकडे गेला. तो जाहीर करण्याची तरतूद कायद्यात नाही, असं सरकारनं लोकसभेत सांगितलं. आमच्या मते या कायद्यातली ही सर्वांत मोठी फट आहे. उत्तर देण्याचं बंधन आहे, पण ज्याच्या खिशाला झळ बसली त्याला ते उत्तर वाचता येत नाही. खासदाराकडे मागण्यासारखी एक ठोस दुरुस्ती इथे तयार आहे.

"रिझर्व्ह बँक स्वायत्त आहे" हे वाक्य आलं की त्याच कायद्याचं कलम ७ आठवा. गव्हर्नरशी सल्लामसलत करून सार्वजनिक हितासाठी रिझर्व्ह बँकेला निर्देश देण्याचा अधिकार त्या कलमानं केंद्राला दिला आहे. तो वापरला की नाही हा पुढचा प्रश्न, पण अधिकारच नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

आपला खासदार कोणता, हेही आधी पक्कं करा, कारण इथे चूक फार होते. वाळवा आणि शिराळा सांगली जिल्ह्यात असले तरी लोकसभेला इस्लामपूर आणि शिराळा हे विधानसभा मतदारसंघ हातकणंगल्यात येतात. फलटण आणि माण हे मतदारसंघ साताऱ्यात नाहीत, ते माढ्यात आहेत. चुकीच्या खासदाराला दिलेलं निवेदन नम्रपणे स्वीकारलं जातं आणि तिथेच संपतं.

कोणते कागद, आणि त्यात फसायला कुठे होतं

अर्थसंकल्पाच्या गठ्ठ्यातलं "अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात" हे पुस्तक आधी उतरवून घ्या. पानं थोडी आहेत. त्यात चार रकाने असतात: गेल्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. भाषणात नेते बहुतेक वेळा अंदाजाची अंदाजाशी तुलना करतात. तुम्ही प्रत्यक्षाची त्याच वर्षाच्या मूळ अंदाजाशी करा. फेब्रुवारीतलं आश्वासन आणि दोन वर्षांनी निघालेलं सत्य यांतलं अंतर तिथे दिसतं.

महालेखानियंत्रक (केंद्राचे हिशेब ठेवणारे अधिकारी) दर महिन्याच्या शेवटी आदल्या महिन्यापर्यंतचा जमाखर्च प्रसिद्ध करतात. इथला सापळा ओळखून असा. आगाऊ आयकराचे हप्ते जूनपर्यंत १५ टक्के, सप्टेंबरपर्यंत ४५, डिसेंबरपर्यंत ७५ आणि मार्चपर्यंत १०० असे येतात, खर्च मात्र एप्रिलपासूनच सुरू असतो. त्यामुळे वर्षाच्या मध्याला तूट नेहमीच भयानक दिसते. विरोधक तोच आकडा घेऊन धावतात. तुम्ही गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा.

परकीय चलनाच्या गंगाजळीचा आकडा रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी देते, तो आदल्या शुक्रवारपर्यंतचा असतो. नुसत्या आकड्याला अर्थ नाही, त्याला महिन्याच्या सरासरी आयातीनं भागा. १९९१ च्या मध्याला हे उत्तर दोन-तीन आठवड्यांवर आलं होतं.

तुटीची टक्केवारी लिहिताना आकडा कोणत्या वर्षीच्या प्रकाशनातला आहे हेही शेजारी लिहा. देशांतर्गत उत्पन्नाचं आधारवर्ष बदललं की जुने टक्केही बदलतात. १९९०-९१ ची केंद्राची तूट जुन्या पुस्तकांत ८ टक्क्यांच्या वर दिसते, नव्या मालिकेत ८ च्या खाली येते. दोघेही खरं बोलत असतात, आणि सभेत मात्र भांडण होतं.

अर्थसंकल्पाबाहेरचं कर्ज हा सर्वांत खोल खड्डा. कित्येक वर्षं धान्य अनुदानाचा एक भाग सरकार रोखीनं देत नव्हतं, त्यासाठी अन्न महामंडळ अल्पबचत निधीतून कर्ज काढत होतं. कर्ज महामंडळाच्या नावावर, म्हणून केंद्राच्या तुटीत दिसत नव्हतं. कॅगनं (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी) अहवालांतून यावर बोट ठेवलं. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ही प्रथा थांबवली गेली आणि २०२०-२१ च्या तुटीचा सुधारित अंदाज ९.५ टक्के मांडला गेला. त्यात कोविडचा वाटा मोठा होता, पण सगळा नव्हता. एखाद्या वर्षी तूट अचानक उडाली तर ती खरंच त्या वर्षीची आहे की आधीची झाकलेली बाहेर आली आहे, हे विचारा. झाकण उघडणाऱ्यालाच दोषी धरलं तर पुढचा कुणी उघडणार नाही.

राज्यासाठी "महाराष्ट्राची आर्थिक पाहणी" मराठीत मिळते. तिच्या जोडीला प्रत्येक अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या आणि राज्यानं दिलेल्या हमींची यादी बघा. साखर कारखान्यांच्या कर्जाला दिलेली हमी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत राजकारणाचा कणा राहिली आहे. हमी हे आज दिसत नसलेलं कर्जच असतं.

तारखांची ताकद

नोटाबंदीची ओळ भरून पाहा, म्हणजे तारखा काय करू शकतात ते कळेल. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता घोषणा झाली. रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम २६(२) सांगतं की रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळानं शिफारस करायची आणि सरकारनं अधिसूचना काढायची. मंडळाची बैठक त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला झाली. रिझर्व्ह बँकेनं संसदीय समितीला कळवलं की नोटा बाद करण्याचा विचार करावा असा सल्ला सरकारनंच आदल्या दिवशी, ७ नोव्हेंबरला दिला होता. बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारातून २०१९ मध्ये बाहेर आलं. काळा पैसा मुख्यतः रोखीत नसून सोनं आणि स्थावर मालमत्तेत आहे, हे त्यात नोंदलेलं आहे. मंडळानं तरीही शिफारस केली. बाद झालेल्या १५.४१ लाख कोटींच्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्याचं रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालात आहे.

२ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं निर्णयाची प्रक्रिया वैध ठरवली. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचं मत वेगळं होतं. निर्णय वैध होता का, हे न्यायालय सांगतं. तो शहाणपणाचा होता का, हे मतदारानं ठरवायचं असतं. तक्त्यात या दोन्हींसाठी वेगळी जागा ठेवा.

आपल्याकडे याची एक पोटओळ आहे. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. सांगलीसह काही जिल्हा बँकांकडे त्याआधी जमा झालेल्या नोटा पडून राहिल्या. शेतकऱ्यांची खाती याच बँकांत. ही मनाई कोणत्या माहितीवर आधारली, राज्याच्या सहकार खात्यानं किती दिवसांत काय कळवलं, बँकेच्या संचालकांनी खातेदारांच्या ओळखपत्रांची पूर्तता आधी का केली नव्हती: तीन प्रश्न, तीन वेगळे मालक.

खासदाराकडून संसदेत प्रश्न विचारून घ्या

निवेदनात "कृपया लक्ष घालावे" लिहू नका. तयार प्रश्न द्या. लोकसभेच्या प्रश्नाला किमान १५ पूर्ण दिवसांची पूर्वसूचना लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच पोचवा. तारांकित प्रश्न दिवसाला २० आणि अतारांकित २३० लागतात, निवड सोडतीनं होते. तारांकिताला तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतो. पण आकड्यांच्या कामाला अतारांकितच बरा, लेखी उत्तर हातात पडतं.

प्रश्न १५० शब्दांच्या आत बसवा. त्यात मत, तर्क, "जर-तर", न्यायप्रविष्ट बाब किंवा आरोप आला की तो नामंजूर होतो. "सरकारच्या चुकीच्या धोरणामुळे ठेवीदार बुडाले हे खरे आहे काय?" असा प्रश्न दाराबाहेरच राहतो. तोच असा करा: "(क) गेल्या पाच वर्षांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील किती नागरी सहकारी बँकांवर निर्बंध घातले गेले, (ख) निर्बंधाची तारीख आणि ठेव विम्याचे पैसे मिळाल्याची तारीख, बँकनिहाय, (ग) हे अंतर कमी करण्यासाठी केलेली कारवाई."

उत्तरात "माहिती गोळा केली जात आहे" आलं तर नाराज होऊ नका. ते वाक्य आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. न झाल्यास शासकीय आश्वासन समिती पाठपुरावा करते. ही तारीख वहीत लिहून खासदाराच्या कार्यालयाला आठवण द्या. खासदारानं याआधी काय विचारलं हे संसदेच्या संकेतस्थळावर त्याच्या नावानं शोधता येतं. भेटीला जाण्याआधी ती यादी छापून न्या. संभाषणाचा सूर बदलतो.

ग्रामसभेचा ठराव? दबावापुरता ठीक आहे. राष्ट्रीय वित्तावर ग्रामसभेला काही अधिकार नाही.

माहितीचा अधिकार

इथे अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक क्षुल्लक कारणांनी. राज्याच्या कार्यालयासाठी जोडपत्र "अ" मधला नमुना, एक विषय, १५० शब्द, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. केंद्राच्या कार्यालयाला किंवा रिझर्व्ह बँकेला हा स्टँप चालत नाही. पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करा. तिथे शब्दमर्यादा ५०० आहे. उत्तराला ३० दिवस, पहिलं अपील त्यानंतरच्या ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. पहिल्या अपिलाला राज्यात २० रुपये लागतात, केंद्रात काही नाही.

"का" विचारू नका, कागद मागा. "अमुक तारखेच्या बैठकीचे इतिवृत्त व त्यावरील टिप्पणीची प्रत" ही भाषा चालते. मंत्रिमंडळाच्या कागदांना कलम ८(१)(i) खाली नकार आला तर त्याच कलमाचं परंतुक दाखवा: निर्णय होऊन विषय संपला की निर्णय, त्याची कारणं आणि आधारभूत साहित्य खुलं करायचं असतं. रिझर्व्ह बँकेनं विश्वासाच्या नात्याची सबब (बँकांनी विश्वासानं दिलेली माहिती उघड करता येत नाही) सांगितली तर डिसेंबर २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा जयंतीलाल मिस्त्री निकाल जोडा. बँक तपासणी अहवालांबाबत ही सबब न्यायालयानं नाकारली आहे.

सहकारी बँक किंवा पतसंस्थेला थेट अर्ज करून बहुधा काही मिळत नाही. सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरण (माहिती अधिकार ज्यांना लागू होतो अशा संस्था) नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. पण निबंधकाकडे असलेली किंवा कायद्यानं त्याला मागवता येणारी माहिती मिळते. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करा.

संकट गावातल्या बँकेत उतरतं तेव्हा

आपल्याकडे आमदार, कारखान्याचे अध्यक्ष आणि बँकेचे संचालक पुष्कळदा एकाच घरात सापडतात. त्यामुळे राष्ट्रीय संकटातली जबाबदारी शोधताना धागा इथवर आणावाच लागतो.

ठेव विम्याचं, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणाऱ्या विम्याच्या रकमेचं, उदाहरण घ्या. १ मे १९९३ पासून मर्यादा १ लाख होती. ती ५ लाख झाली ४ फेब्रुवारी २०२० ला, पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आल्यानंतर. मधली सव्वीस-सत्तावीस वर्षं केंद्रात जवळजवळ सगळ्या प्रमुख पक्षांची सरकारं येऊन गेली. कराड जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला डिसेंबर २०२० मध्ये. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल असं रिझर्व्ह बँकेनं तेव्हा सांगितलं, पण मध्ये तीन वर्षं गेली होती. निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद, ठेव विमा कायद्याचं कलम १८-अ, लागू झाली १ सप्टेंबर २०२१ ला. कायदा बदलणं संसदेच्या हातात होतं, अडचण आधीपासून दिसत होती. तारखा एकाखाली एक लिहिल्या की ओळ स्वतःच बोलते.

९० दिवसांचा हिशेब असा: ४५ दिवसांत बँकेनं ठेवीदारांची यादी द्यायची, ३० दिवसांत पडताळणी, १५ दिवसांत पैसे. अडतं ते पहिल्या ४५ मध्ये, कारण खात्याची ओळखपत्रं अपुरी असतात. निर्बंध लागताच ती पुरी करा आणि संमतीपत्र भरून पोच घ्या. मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदाराला, सर्व शाखा आणि व्याज धरून आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. हे वाक्य दोन्ही जिल्ह्यांत जितक्या वेळा सांगावं तितकं कमी.

संचालकांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाची दोन कलमं लक्षात ठेवा. कलम ८३ खाली एक पंचमांश सभासदांच्या अर्जावर निबंधक चौकशी करू शकतो. कलम ८८ खाली संस्थेचं नुकसान करणाऱ्यांवर रक्कम निश्चित होते. सह्या गोळा करताना फक्त सभासदांच्या घ्या. ठेवीदार सभासद असेलच असं नाही, आणि अशा सह्यांनी आकडा फुगवलेला अर्ज छाननीत कोसळतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते. प्रश्न लेखी द्या, पोच घ्या आणि इतिवृत्तात नोंद झाली का ते पुढच्या सभेत तपासा.

सबबी आणि त्यांची परीक्षा

"जगभर हेच झालं" असं कुणी म्हणालं तर शेजारच्या देशाची तारीख विचारा. श्रीलंकेनं एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जफेड थांबवली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये गोटाबाया, महिंदा आणि बासिल राजपक्षे यांच्यासह मध्यवर्ती बँकेच्या माजी गव्हर्नरांना जनतेच्या विश्वासाचा भंग केल्याबद्दल जबाबदार धरलं. कोविड सगळीकडेच होता. न्यायालयानं पाहिलं ते २०१९ ची करकपात मागे न घेणं, तिथला रुपया डॉलरला २०३ च्या आसपास अडवून धरणं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जायला केलेला उशीर, आणि गंगाजळी आटलेली असताना जानेवारी २०२२ मध्ये फेडलेले ५० कोटी डॉलरचे रोखे. एकेक निर्णय, एकेक तारीख.

"मला कोणी सांगितलंच नाही" ही सबब आली तर आइसलँड आठवा. २००८ मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या. माजी पंतप्रधान गेर हार्डे यांच्यावर विशेष न्यायालयात खटला चालला आणि २०१२ मध्ये एका आरोपात ते दोषी ठरले: महत्त्वाच्या बाबींवर मंत्रिमंडळाच्या बैठका न घेणं. शिक्षा झाली नाही. पण बैठक न घेणं हाही दोष असू शकतो, हे नोंदलं गेलं.

"आधीच्या सरकारनं केलं" ही सबब अर्धी खरी असतेच. म्हणून विचारायचं, तुम्हाला कळल्यावर किती दिवसांत काय केलंत? २०१३ चं सोन्याचं उदाहरण गलाई व्यावसायिकांना पाठ आहे. रुपया कोसळत असताना जुलैत ८०:२० चा नियम आला, म्हणजे आयात सोन्याचा पाचवा हिस्सा निर्यातीसाठी राखायचा, आणि ऑगस्टमध्ये आयात शुल्क १० टक्के झालं. मे २०१४ मध्ये काही मोठ्या व्यापारगृहांना आयातीची सवलत मिळाली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये नियमच रद्द झाला. सवलत एका सरकारच्या शेवटच्या आठवड्यात, रद्द दुसरं येऊन सहा महिने झाल्यावर. दोन्ही ओळी भरा.

सभा घेताना

नेत्याला तक्ता आठ दिवस आधी लेखी पाठवा. अचानक पकडलेला नेता चिडतो किंवा गोड बोलतो, उत्तर दोन्हीकडे मिळत नाही. प्रश्न सातपेक्षा जास्त नकोत. प्रत्येक प्रश्न एकानं वाचायचा आणि त्यानंच उपप्रश्न विचारायचा. माइक फिरवला की सभा उसाच्या दरावर जाते. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून आधी काढा. आचारसंहिता सुरू असेल तर सगळ्या उमेदवारांना सारखं आमंत्रण द्या.

"खाल्ले", "लुटले" हे शब्द टाळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे आणि त्या एका शब्दावरून तुमचा तक्ता बाजूला पडून खटलाच चर्चेचा विषय होतो. "१४ तारखेला कळलं, ७० दिवस आदेश निघाला नाही" हे वाक्य कागदाच्या आधारानं बोला. ते जास्त झोंबतं. लेखी उत्तरासाठी १५ दिवस द्या. उत्तर आलं तर तक्त्याशेजारी जसंच्या तसं छापा, तुमची ओळ चुकली असेल तर खोडून दुरुस्ती तारखेसह लिहा. उत्तर आलं नाही तर रकान्यात "उत्तर नाही" आणि तारीख.

सरकारी संकेतस्थळांवरचे कागद हलतात, दुवे मरतात. प्रत्येक कागद उतरवल्याच्या दिवशीच छापा, वर तारीख घाला आणि तीन प्रती करा. एक संघटनेकडे, एक तालुक्याच्या वाचनालयात, एक दुसऱ्या तालुक्यातल्या सभासदाकडे. सांगलीत प्रत ठेवणार असाल तर पहिल्या मजल्याच्या वरच ठेवा. २०१९ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचारून घ्या.